आज्जाची पालखी

“आज नगं गं अनवरी. आज कर हाय. करीला कोन बांगड्या भरून घेतंय? उद्या उन्हं वर यायच्या आत ये. आन ह्या काय झिजल्यात व्हय? धडधाकट हायेत की.”

निंगव्वानं पिठानं भरलेले दोन्ही हात पुढं केले आणि हलवून दाखवले. हिरव्या काचा वाजल्या. अनवरी मनियारीण बांगड्यांची टोपली उंबऱ्यावर टेकवून तिथंच बसली होती. तिची नजर बांगड्यांवरनं वर सरकली आणि निंगव्वाच्या डाव्या कोपराखाली थांबली. तिथं हळदीनं पिवळी झालेली चिंधी होती.

“ये क्या करून घेतलीस मावशी?”

“तवा लागला. भोगीच्या दिवशी. लई न्हाई, रुपायाएवढं कातडं गेलंय.”

अनवरीनं वाकून बघितलं. चिंधी निसटू नये म्हणून निंगव्वानं एक बांगडी वर सरकवून चिंधीवर घट्ट बसवली होती आणि चिंधीची टोकं तिच्यावरनं उलटवून आत खोचली होती. नीट बघितल्याशिवाय बांगडी दिसतच नव्हती. अनवरीला हसू आलं. एवढ्या मोठ्या घरात वीतभर दोरा मिळाला नाही का, असं तिनं विचारलं.

“दोरा भाकरीत पडतोय,” निंगव्वा म्हणाली. “गिऱ्हाइकाच्या दातात जातोय. बांगडी कशी पडंल?”

अनवरी हसत हसत टोपली डोक्यावर घेऊन पुढच्या घराकडं गेली. तिची नऊ वर्षांची रुक्साना मात्र आईबरोबर गेली नाही. ती निंगव्वाच्या थोरल्या नातीला, नागम्माला हुडकत आत घुसली. निंगव्वा परत काटवटीकडं वळली.

साल चौऱ्याहत्तरचं. संक्रांत काल झाली होती आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेनं सगळं सोलापूर भरलं होतं. गिरण्यांचे भोंगे नेहमीसारखे ओरडत होते, पण यंत्रमागाच्या गल्लीत निम्मे माग बंद होते आणि तरणी माणसं नवी कापडं घालून कट्ट्याकट्ट्यावर बसली होती. निंगव्वाला गड्डा नव्हता आणि सुट्टी नव्हती. सात रस्त्याजवळच्या खानावळीला रोज चाळीस कडक भाकरी लागत, त्या तिच्याच हातच्या. ज्वारीची भाकरी थापायची तर कोणीही थापतं, पण कडक भाकरी म्हणजे कागदासारखी पातळ, तव्यावर भाजून चुलीच्या तोंडाला उभी केलेली, बोटानं टिचकी मारली की वाजणारी. आठ दिवस ठेवा, हूं की चूं करायची नाही. निंगव्वा अक्कलकोटच्याही खालच्या अंगाची, कानडी मुलखातली. तेराव्या वर्षी लग्न होऊन सोलापुरात आली ती काटवट सोबत घेऊनच. आता ती छप्पन्नची होती. कंबर बसताना बोलायची, उठताना बोलायची; हात मात्र मधल्या काळात एकदाही थांबले नव्हते.

तिचा नवरा सोमलिंग. गिरणीच्या साचेखात्यात तीस वर्षं मागापुढं उभा राहिला आणि त्या खडखडाटात अर्धे कान तिथंच ठेवून घरी आला. घरी आल्यावर त्यानं दुसरं काम धरलं, नातवंडांचं खेळणं होण्याचं. त्या घरात प्रत्येक सण दोनदा व्हायचा. एकदा मोठ्यांचा, आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा. पोरांच्या सणाला आज्जा लागायचाच. बेंदराला आज्जा बैल. गळ्यात घुंगरं, कपाळाला बाशिंग, आणि शिवयोगी नावाचा आठ वर्षांचा नातू पाठीवर. पंचमीला आज्जा घोंगडीखाली नाग होऊन फुसफुसायचा, आणि पोरी लाह्या घेऊन जवळ गेल्या की एकदम फणा काढायचा. मोहरमला तर त्याचा वाघ झाला होता. अनवरीच्या नवऱ्यानं, मकदूमनं, त्याच्या अंगावर पिवळ्या-काळ्या रंगाचे पट्टे ओढले. रंग कसला होता कोण जाणे, आठ दिवस निघेना. आज्जा तसलाच पट्ट्यापट्ट्याचा रेशनच्या रांगेत उभा राहिला आणि पुढच्या बायांनी आपण होऊन त्याला पुढं सोडलं.

सगळं घर अशा वेळी हसून लोळायचं. निंगव्वा हसायची नाही. तिला हसू येत नव्हतं असं नाही, पण तिचं हसू उशिरा पोचायचं. दुपारी घडलेलं तिला संध्याकाळी भांडी घासताना आठवायचं आणि मग ती राखेच्या हातानं तोंड दाबून एकटीच हसायची. पोरांसमोर ती एवढंच म्हणायची, “माझ्या घरात पाच ल्हान पोरं हायेत. त्यातलं थोरलं बासष्ट वर्साचं हाय.”

त्या करीच्या दिवशी तिला खेळाकडं बघायला फुरसतच नव्हती. दुसऱ्या दिवशी दाक्षायणीची ओटी भरायची होती. दाक्षायणी तिची एकुलती लेक, मंद्रूपला दिलेली, सातवा लागून माहेरी आलेली, पहिलटकरीण. गेला महिनाभर निंगव्वाच्या पेटीत हिरवं लुगडं, हिरवा खण आणि हळकुंडं बांधून ठेवलेली होती. रोज संध्याकाळी ती पेटी उघडून बघायची आणि लावायची. सून सावित्रम्मा म्हणायची, अत्ती, लुगड्याला पाय फुटत नाहीत. निंगव्वा तरी दुसऱ्या दिवशी पेटी उघडायचीच.

कारण तिची स्वतःची ओटी तिला आठवत होती. सोळाव्या वर्षी ती पाटावर बसली होती आणि ओटी भरत होती चुलती. आई रांडाव, म्हणून धान्याच्या खोलीत दाराआड उभी. दार खालून झिजलेलं होतं. त्या फटीतनं निंगव्वाला आईच्या पायाची बोटं तेवढी दिसली. नारळ ओटीत पडताना ती बोटं जरा पुढं सरकली आणि परत मागं गेली. एवढंच. पण दाक्षायणी झाली त्या दिवशीच निंगव्वानं मनाशी धरलं होतं की हिची ओटी मी भरीन, माझ्या हातानं.

तर अशी ती त्या दुपारी चाळीस भाकऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन निघाली. निघताना सोमलिंग पायरीवर बसला होता, छाती चोळत.

“जळजळतंय गं,” तो म्हणाला. “बाजरी जरा जादा झाली.”

“मग पडा की घटकाभर. पोरास्नी सांगा, आज्जा आज खेळायचा न्हाई म्हनून.”

तो बरं म्हणाला. पण त्याच्या डाव्या बाजूनं सांगितलेलं त्याला ऐकू येत नसे, आणि ती डाव्या बाजूला उभी होती.

पुढचं निंगव्वाला मागनं कळलं. दरवर्षी करीला पोरं अंगणात गड्डा भरवत. काठीला झेंडूच्या माळा बांधून नंदीध्वज करत, तो कंबरेला टेकवून शिवयोगी नाचवत असे आणि पोरं ‘हर्र बोला हर्र’ करून घसा बसवून घेत. आज्जा पायी पुढं चालायचा. या वर्षी आज्जाचा गुडघा धरला होता. म्हणून नागम्मानं टूम काढली की आज्जाला देव करू आणि पालखीत बसवू. नागम्मा दहा वर्षांची, पण गल्लीतल्या मोठ्या माणसांना कामाला लावायची. तिनं हातवाली लाकडी खुर्ची बाहेर ओढली, दोन बाजूंना दोन बांबू बांधून घेतले आणि कट्ट्यावरच्या चार तरण्यांना खांद्याला बोलावलं. आज्जाला पांढरी बाराबंदी घातली, डोक्याला पांढरं पागोटं गुंडाळलं. रुक्सानानं देव्हाऱ्याखालची विभूती बोट बुडवून त्याच्या कपाळाला, गालांना, दंडाला फासली. नंदीध्वजाला घालून उरलेल्या झेंडूच्या माळा गळ्यात घातल्या. शेवटी नागम्मानं देवाला ताकीद दिली की देव डोळे उघडत नसतो आणि बोलत नसतो. आज्जानं डोळे मिटले. पोटात बाजरी होती, ऊन उबदार होतं, खुर्ची हलत होती. चार घरं जाईपर्यंत देवाला खरीच झोप लागली आणि मान छातीवर कलली.

इथवर सगळं बरंच होतं. पण पालखीपुढं वाजवायला कोणीतरी हवं म्हणून पोरं तिप्पण्णाकडं गेली. तिप्पण्णा गल्लीतला भजनी. त्याची झांज बाहेर आली की बाया पोरांना आत ओढत. कारण निंगव्वाच्या लोकांत माणूस गेला की त्याला आडवा नेत नाहीत. पांढरी कापडं नेसवून, विभूती लावून, हार घालून, खुर्चीवर बसवून नेतात, आणि पुढं झांज वाजत असते. ती झांज तिप्पण्णाची. बिचाऱ्याला गेल्या कित्येक वर्षांत आनंदाच्या कामाला कोणी बोलावलंच नव्हतं. पोरं आली तशी त्यानं तिळगुळाची मूठ घेतली आणि खुशीनं झांज काढली. पण हातांना एकच चाल ठाऊक. ते तीच वाजवायला लागले, संथ, दोन ठोके आणि एक विसावा.

निंगव्वा रिकामी पाटी कंबरेला लावून गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा पोरांचे घसे बसलेले होते. कोणी ओरडत नव्हतं. दमून शिवयोगीनं नंदीध्वज खांद्यावर आडवा टाकला होता. गल्लीत फक्त झांजेचा आवाज होता. तिनं आधी झांज ऐकली. मनात म्हणाली, कुणाचं गेलं बाई? मग तिला चार खांदे दिसले. खुर्ची दिसली. पांढरी बाराबंदी, भस्मानं पांढरं झालेलं तोंड, कललेली मान. मागं मान खाली घालून चालणारी तिचीच नातवंडं.

तिला आठवलं, जळजळतंय गं, असं ते म्हणाले होते.

“अय्य शिवने,” एवढंच तिच्या तोंडातनं कानडीत बाहेर पडलं, तेही कोणाला ऐकू न जाईल असं.

रडू आलं नाही. तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर उद्याच्या चाळीस भाकरी. खानावळवाल्याला निरोप कोण देणार, गिऱ्हाइकं पानावर बसलेली असतील, त्यांच्यापुढं तो काय वाढणार. हे तिच्या मनात अगदी स्वच्छ आलं आणि तेवढ्यानंच ती हादरली. तीस-पस्तीस नव्हे, त्रेचाळीस वर्षं सोबतीला असलेला नवरा समोरनं खुर्चीत चाललाय आणि ही बाई भाकरी मोजतेय. ती बाई आपणच आहोत हे तिला खरं वाटेना.

मग हात आपले आपण चालले. शेजारी नळाचा दगडी कट्टा होता. तिनं त्याच्यावर उजवं मनगट आपटलं, मग डावं. काचा उडाल्या. लुगड्याचा पदर घेऊन तिनं कपाळ पुसलं, एकदा, दोनदा, कातडं लाल होईपर्यंत. 

नागम्मानं ते बघितलं आणि ती किंचाळली. झांज थांबली. इतका वेळ जिचा आवाज झोपेत चालत होता ती बंद पडली म्हणून म्हातारा जागा झाला. त्यानं डोळे उघडले, इकडं तिकडं बघितलं आणि विचारलं, “आलं व्हय देऊळ?”

चार तरण्यांपैकी एकाचा खांदा ढळला. खुर्ची वाकडी झाली. निंगव्वा कट्ट्याशीच उभी होती. ती मेलेल्या माणसाला बोलताना बघत होती. तिच्या मनगटांवरनं दोन-तीन ठिकाणी रक्ताचे बारीक ओघळ निघाले होते. ती म्हणाली, “तुमी खाली उतरा.”

तो उतरला. तिच्या हातांकडं बघितलं, मग कपाळाकडं बघितलं. गळ्यातल्या माळा तेवढ्या त्यानं घाईघाईनं काढल्या. कुठं ठेवाव्यात ते कळेना म्हणून तिप्पण्णाच्या हातात दिल्या. तिप्पण्णा झांज आणि माळा घेऊन भिंतीला टेकला.

हे सगळं आणखी एका बाईनं बघितलं होतं. मंद्रूपच्या एस.टी.तनं उतरून टांग्यानं आलेली महानंदा, दाक्षायणीची सासू. उद्याच्या कार्याला ती एक दिवस आधीच आली होती. टांगा गल्लीत वळला तो झांजेच्या मागनंच, आणि विहिणीनं बांगड्या फोडलेल्या तिनं टांग्यातनं बघितल्या.

निंगव्वाला घरात आणलं. पोरं ज्वारीच्या पोत्यांमागं जाऊन बसली. सावित्रम्मानं सासूच्या मनगटांवर पाणी ओतलं, काचेचे कण वेचले. दाक्षायणी पोटावर हात ठेवून मधल्या दाराला उभी राहिली. आईजवळ जावं की नाही हे तिला कळत नव्हतं. निंगव्वा चुलीशी भिंतीला पाठ लावून बसली होती. शेजारणी एकेक करून डोकावत होत्या आणि प्रत्येकीची नजर आधी तिच्या कपाळावर, मग मनगटांवर जात होती. जित्या नवऱ्याच्या बायकोचं तसलं कपाळ कोणी बघितलेलं नव्हतं. एकीनं जंगम स्वामींना विचारा म्हणून सांगितलं. दुसरी म्हणाली, असं कधी ऐकलंच नाही तर स्वामी तरी काय सांगणार? सोमलिंग ओसरीवर अंग चोरून बसला होता. त्यानं सांगितलं की हवं तर परत लगीन लावा, मी तयार आहे. एरवी घर हसलं असतं. त्या दिवशी कोणी त्याच्याकडं बघितलंही नाही.

महानंदा भली बाई. ती भांडायला आलेली नव्हती. तिनं पाणी घेतलं, गूळ घेतला आणि मग हलक्या आवाजात बोलली.

“ईनबाई, राग मानू नगा. तुमचं कुंकू बळकट हाय, डोळ्यापुढं बसलंय. पर हात मोकळे झाले, कपाळ मोकळं झालं. माझ्या घरात थोरल्या सुनेची दोन बाळतपनं वाया गेल्यात. मला भ्या वाटतंय. उद्याची ओटी सावित्रम्माच्या हातनं भरू. तुमी बसा की बाजूला.”

बाजूला. निंगव्वानं ते ऐकलं आणि तिची नजर धान्याच्या कोठीच्या दाराकडं गेली. ते दार झिजलेलं नव्हतं. खालची फट बोटाएवढीच होती.

तिला नाही म्हणता येईना. महानंदाच्या जागी ती असती तर तिनंही तेच सांगितलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.  बांगड्या कोणी फोडल्या, तर आपणच. कपाळ कोणी पुसलं, तर आपणच. मरण आलंच नव्हतं, आणि तरी त्याच्या मागची सगळी कामं तिनं एका दमात उरकून टाकली होती.

शेजारणी पांगल्यावर सोमलिंग हळूच आत आला आणि तिच्या डाव्या बाजूला बसला, उजव्या कानानं ऐकू यावं म्हणून.

“एक विचारू?” तो म्हणाला. “रडलीस का गं?”

“न्हाई.”

“जरा तरी?”

“न्हाई. भाकरीचं ध्यान झालं. खानावळीच्या.”

 हे म्हाताऱ्याला आपल्या मरणापेक्षा जास्त लागलेलं दिसलं. विभूती अजून गालांवर तशीच होती, तिच्यात घामानं रेघा पडल्या होत्या.

“किती भाकरीचं?” त्यानं विचारलं.

“चाळीस.”

“चाळीस म्हंजे मग ठीक हाय,” तो म्हणाला. “मला वाटलं, धा-पाचासाठीच इसरलीस.”

निंगव्वानं त्याच्याकडं बघितलं. त्याचा ओठ थरथरत होता. हसायला येतंय की रडायला, हे तिला तिथनं कळलं नाही.

एवढ्यात अनवरी आली, मागनं डोळे पुसत रुक्साना. रुक्साना रडत घरी गेली होती आणि तिनं आईला सगळं अडखळत सांगितलं होतं. अनवरीनं टोपली आणली होती, कर असली तरी. ती कोणाला न विचारता सरळ चुलीपाशी येऊन निंगव्वासमोर मांडी घालून बसली आणि तिनं डावा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

महानंदा ओसरीवरनं म्हणाली, “भर बाई. पर भरल्यानं झालेलं काय माघारी येत न्हाई.”

 अनवरीनं मनगटावरचा ओला फडका काढला, बोटांनी चाचपून एखादी काच राहिली का बघितली, मग हात वर वर सरकवत नेला आणि कोपराखालच्या चिंधीवर थांबली. चिंधीची टोकं तिनं हळूच सोडली. हळद सुकून कडक झाली होती, तिच्यात पिठाचे बारीक कण अडकले होते. चिंधीचा पदर उलटला आणि खालनं हिरवी काच दिसली, अख्खी.

  निंगव्वाला त्या बांगडीची आठवणच राहिली नव्हती.

“मंद्रूपवाल्या काकी,” अनवरी म्हणाली, “जरा इकडं या. डोळ्यानं बघा, मग बोला. मी बांगड्या भरते तवा जुन्या सगळ्या काढत न्हाई. एक ठेवते, नव्या चढवते, मग ती काढते. कशाला? हात मोकळा व्हायला नगं म्हनून. माझ्या सासूनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं. हा हात मोकळा झालाच न्हाई.”

महानंदा उठून आली. ती सहजासहजी मानणारी नव्हती, आणि तसं असायला तिच्याजवळ कारण होतं. आत्ताच घातली नाहीस ना, असं तिनं अनवरीला तोंडावर विचारलं. मग आपल्या बोटानं ती बांगडी खाली ओढून बघितली. भाजलेली जागा सुजून वर आली होती, बांगडी सूतभर हलेना. निंगव्वा कळ येऊन विव्हळली. महानंदानं काचेवरची सुकलेली हळद नखानं खरवडली, नखाकडं बघितलं.

“आन सकाळी मीच हिला हसले होते,” अनवरी म्हणाली. “दोरा न्हाई का घरात म्हनून. विचारा की.”

“उजव्या हाताचं काय?”

“उजवा हात भाकरी थापायचा, काकी. डावा बांगडीचा.”

हे अनवरीनं त्या घडीला रचलं की खरंच तिच्या सासूनं सांगितलं होतं, हे कोणी तिला कधी विचारलं नाही. पोत्यामागनं नागम्मा बाहेर आली होती आणि आज्जाच्या बाराबंदीचं टोक मुठीत धरून उभी होती.  महानंदानं एकदा सोमलिंगकडं बघितलं, तो भस्म फासलेल्या तोंडानं शाळेतल्या पोरासारखा उभा होता. एकदा सुनेच्या पोटाकडं बघितलं. मग तिनं देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा उचलला, पुढं झाली आणि निंगव्वाच्या घासून लाल झालेल्या कपाळावर अंगठ्यानं मोठं कुंकू रेखलं.

“ओटी तुमीच भरा,” ती म्हणाली. “पर ती बांगडी बाळतपन होईस्तवर काढायची न्हाई. जखम पिकली तरी.”

“न्हाई काढत,” निंगव्वा म्हणाली.

दाक्षायणी मग कुठं आईजवळ येऊन टेकली. अनवरीनं वरच्या बांगडीला हात न लावता खालनं नव्या भरायला घेतल्या. ओरखडलेल्या मनगटावर दोन पिचल्या आणि अनवरीला टोपलीतनं दुसऱ्या काढाव्या लागल्या. तिप्पण्णा दारात येऊन झांज यापुढं पोरांच्या खेळात आणणार नाही म्हणून सांगून गेला. सोमलिंगला नागम्मानं तोंड धुवायला पाठवलं. जाता जाता तिनं त्याला नवी ताकीद दिली, की आता देव झालास तर डोळे उघडे ठेवायचे, आणि मधनं मधनं बोलायचं.

दाराआडनं शिवयोगी फिस्सकन हसला. त्याचं बघून रुक्साना हसली. मग हळूहळू ओसरीवरनं, मधल्या घरातनं हसू यायला लागलं, दबकं, तोंडाला पदर लावलेलं. निंगव्वाला हसू आलं नाही. ती अजून खुर्चीतली मान बघत होती. पुढचे कित्येक दिवस तिला ती दिसणार होती, आणि तिच्या मागोमाग चाळीस भाकरी.

ऊन परसातल्या भिंतीवर चढलं होतं. निंगव्वा भिंतीला हात देऊन उठली, कंबर बोलली. तिनं उद्याच्या भाकरींसाठी पिठाचा डबा काढला, काटवट पुढं ओढली, चुलीत दोन शेणकुटं सारली. सावित्रम्मा म्हणाली, अत्ती, आज राहू द्या, मी थापते. निंगव्वानं मान हलवली. नव्या बांगड्या तिनं सवयीनं वर सरकवल्या. त्या वरच्या बांगडीला जाऊन भिडल्या, कळ कोपरापर्यंत गेली. तिनं हात तसाच धरून ठेवला, कळ उतरेपर्यंत. मग पीठ मळलं, गोळा केला, थापायला घेतला. पहिली भाकरी कडेला चिरली. तिनं ती गोळा करून परत थापली.